प्राण, श्वास आणि प्राणवायू : मराठी योगपरंपरेतील एका संकल्पनेची वाटचाल
(बुलढाणा जिल्हा व लगतच्या परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

योगपरंपरेतील ‘प्राण’ ही संकल्पना मराठी समाजात तीन निरनिराळ्या अर्थांनी वावरते : जीवन धारण करणारी शक्ती, नाकावाटे होणारा श्वासोच्छ्वास आणि रसायनशास्त्रातील प्राणवायू. हे तीन अर्थ इतिहासाच्या तीन वेगळ्या टप्प्यांवर घडले आहेत. परंतु आज ते एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. प्रस्तुत निबंधात उपनिषदे व हठयोगाचे ग्रंथ, पूर्णा खोऱ्यातील व लोणार परिसरातील मराठी संतपरंपरा आणि १९२४ नंतर लोणावळा येथे झालेले प्रायोगिक संशोधन यांच्या आधारे या संकल्पनेची वाटचाल तपासली आहे. प्राणायामाचे महत्त्व ‘अधिक प्राणवायू मिळण्यात’ आहे ही प्रचलित समजूत परंपरेलाही धरून नाही आणि महाराष्ट्रात झालेल्या प्रयोगांनाही धरून नाही, असे या विवेचनातून दाखविले आहे.

बीजशब्द : प्राण, प्राणायाम, कुंभक, चांगदेव, शेगाव, स्वामी कुवलयानंद, कैवल्यधाम.

१. प्रस्तावना

मराठी माणसाच्या नित्याच्या बोलण्यात प्राण हा शब्द पदोपदी येतो. संकटात प्राण कंठाशी येतात, आवडत्या माणसावर पंचप्राण ओवाळले जातात, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, देशासाठी प्राणाहुती दिली जाते. जेवणापूर्वी पाच प्राणांना आहुती देण्याची प्रथा अनेक घरांतून कालपरवापर्यंत पाळली जात होती. या सर्व प्रयोगांत प्राण म्हणजे नाकातून आत जाणारी हवा नव्हे, हे सांगावे लागत नाही. मात्र प्राणायामाचा विषय निघाला की हाच शब्द अर्थ बदलतो. ‘प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो’ हे वाक्य शालेय व्याख्यानांपासून आरोग्यविषयक पुस्तिकांपर्यंत सर्वत्र आढळते आणि ते इतके परिचयाचे झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून स्वीकारला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. तेव्हापासून महाविद्यालयांतही या दिवशी योगाभ्यासाचे कार्यक्रम होतात. त्या निमित्ताने प्राणायामाविषयी बोलण्याची जबाबदारी अनेकदा क्रीडा विभागाच्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या किंवा एखाद्या भाषाविषयाच्या प्राध्यापकावर येते. आपण विद्यार्थ्यांना जे सांगतो त्याला आधार काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रस्तुत निबंधाचा हेतू प्राणायामाचा प्रचार करण्याचा नाही आणि त्याचे खंडन करण्याचाही नाही. प्राण या शब्दाचे अर्थ कसे घडत गेले, आपल्या परिसरातील परंपरेने त्यांच्याकडे कसे पाहिले आणि विसाव्या शतकात त्यांची प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा काय हाती आले, हे कालक्रमाने मांडणे एवढाच हेतू आहे. त्यासाठी ग्रंथाधारित ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. प्राण : उपनिषदांपासून हठप्रदीपिकेपर्यंत

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील चौथे सूक्त प्राणाला उद्देशून आहे. त्यात प्राण हा पाऊस, वनस्पती, पशू आणि मनुष्य या सर्वांना जगविणारा स्वामी म्हणून येतो. येथे श्वास हे प्राणाचे एक रूप आहे. प्राण मात्र श्वासापुरता मर्यादित नाही. छांदोग्य आणि बृहदारण्यक या उपनिषदांतील इंद्रियांच्या कलहाची कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाणी, डोळा, कान आणि मन यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. प्रत्येकजण एकेक वर्ष शरीर सोडून जातो. मुका, आंधळा, बहिरा किंवा मनोव्यापाराविना माणूस जगू शकतो असे आढळते. परंतु प्राण निघू लागताच, उमद्या घोड्याने दावणीच्या मेखा उपटाव्यात तशी बाकीची इंद्रिये उखडली जाऊ लागतात. या कथेतील प्राण म्हणजे इतर सर्व व्यापारांना एकत्र धरून ठेवणारे तत्त्व होय.

प्रश्नोपनिषदात या एका प्राणाची पाच प्रकारे विभागणी होते. प्राण, अपान, समान, व्यान आणि उदान अशी ती पाच नावे. उत्तरकालीन योगग्रंथांत व वैद्यकग्रंथांत त्यांची स्थाने आणि कार्ये थोड्याफार फरकाने सांगितली आहेत. पण मुख्य आशय सारखाच राहतो. श्वसन, मलमूत्राचे विसर्जन, अन्नाचे पचन, सर्व शरीरभर होणारे संचरण आणि ऊर्ध्वगती ही एकाच जीवनशक्तीची पाच कार्ये आहेत. म्हणजेच ‘वायू’ हा शब्द येथे पदार्थाचा वाचक नसून कार्याचा वाचक आहे. अन्न पचविणारा समान वायू किंवा विसर्जन घडविणारा अपान वायू नाकावाटे आत घेतला जात नाही. प्राण म्हणजे केवळ श्वासातील हवा, असे समीकरण मांडल्यास या पाचांपैकी चार कार्ये विवेचनाबाहेर जातात, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत भर बदलतो. दुसऱ्या पादातील ४९ ते ५३ या सूत्रांत प्राणायामाचा विचार आला आहे. आसन स्थिर झाल्यानंतर श्वास आणि प्रश्वास यांच्या गतीचा विच्छेद करणे म्हणजे प्राणायाम, अशी त्याची व्याख्या आहे. देश, काल आणि संख्या यांनी तो मोजला जातो. त्याचे फळ म्हणून प्रकाशावरील आवरण क्षीण होते आणि मन धारणेस योग्य बनते. येथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, जे निरीक्षणाच्या व मोजणीच्या कक्षेत येते त्या श्वासाला पतंजलीने हाताशी धरले आहे. दुसरी म्हणजे, त्याने सांगितलेले फळ मनाशी संबंधित आहे. अधिक हवा घेणे हा उद्देश तर नाहीच. उलट गती थांबविणे हीच व्याख्या आहे.

पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथाचा दुसरा उपदेश प्राणायामाला वाहिलेला आहे. सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी असे आठ कुंभक त्यात सांगितले आहेत. त्यांना ‘कुंभक’ म्हणणे हेच सूचक आहे. कारण कुंभक म्हणजे रोखलेला श्वास. याच उपदेशात एक इशाराही आहे. सिंह, हत्ती व वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायूही हळूहळूच वश करावा. अन्यथा तो साधकाचाच घात करतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, तसेच डोके, कान व डोळे यांच्या वेदना उद्भवतात असेही तेथे नमूद आहे. प्राणायाम सर्वांसाठी सर्वकाळ निर्धोक आहे, असे हठयोगाच्या या प्रमुख ग्रंथाने कोठेही म्हटलेले नाही.

३. पूर्णेचे खोरे : चांगदेव, लोणार आणि शेगाव

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणारी पूर्णा नदी पश्चिमेकडे जाऊन जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात तापीला मिळते. या संगमावरील गावाचे नाव चांगदेव असून तेथे चांगदेवाचे प्राचीन दगडी मंदिर आहे. प्राणायामाच्या मराठी इतिहासाचा विचार करताना या स्थळाला वगळून चालणार नाही. परंपरेनुसार चांगदेव हा महान हठयोगी होता आणि प्राण ब्रह्मरंध्रात नेऊन मृत्यूची वेळ टाळण्याच्या सामर्थ्यामुळे तो चौदाशे वर्षे जगला. ही संख्या इतिहासाची नव्हे, आख्यायिकेची आहे हे उघड आहे. परंतु आख्यायिका काय सांगते यापेक्षा ती कोठे जाऊन थांबते हे अधिक बोलके आहे.

ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून चांगदेवाने त्यांना पत्र लिहावयास घेतले. पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे न ठरल्याने त्याने कोराच कागद पाठविला. त्याचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्या ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने प्रसिद्ध आहेत. पुढे चांगदेवाने मुक्ताबाईला गुरू मानले असे परंपरा सांगते. महीपतीच्या ‘भक्तविजय’ (इ. स. १७६२) या ग्रंथामुळे ही कथा घराघरांत पोहोचली. कथेचा रोख स्पष्ट आहे. प्राणावर मिळविलेला ताबा खोटा ठरविलेला नाही. मात्र तो अपुरा ठरविला आहे. चौदाशे वर्षांच्या आयुष्यापुढे एका कोवळ्या मुलीचे ज्ञान श्रेष्ठ ठरते.

हाच दृष्टिकोन शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’तही दिसतो. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी आसन, बंध, प्राणापानांची गती आणि कुंडलिनीचे जागरण यांचे जे तपशीलवार वर्णन केले आहे, त्याच्या तोडीचे वर्णन मराठीत दुसरे नाही. मूळ गीतेत इतका विस्तार नाही. तो आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती असा आलेल्या नाथपरंपरेचा वारसा आहे. तथापि बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांच्या योगसाधनेतील कष्टांचे चित्र काढून, भक्तांपेक्षा त्यांच्या वाट्याला अधिक काही येत असेल तर ते श्रमच, असा निर्वाळा त्याच ज्ञानेश्वरांनी दिला आहे. ज्याला योगमार्गाची खडान्‌खडा माहिती आहे त्यानेच त्याची मर्यादाही सांगावी, हे मराठी परंपरेचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

ज्ञानेश्वरांच्या थोडे अगोदर, यादवकाळातच, चक्रधरस्वामींचा संचार आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात झाला होता. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त मेहकर आणि लोणार या दोन्ही गावांचे उल्लेख येतात. महानुभाव तत्त्वज्ञानात मोक्ष हा परमेश्वराकडून मिळणारा आहे. योगाने मिळणाऱ्या सिद्धींना त्यात मोक्षाच्या साधनाचे स्थान नाही. म्हणजे आपल्या परिसराशी संबंधित दोन भिन्न संप्रदाय, एकमेकांशी तात्त्विक मतभेद असूनही, प्राणाच्या सामर्थ्याने दिपून न जाण्याच्या बाबतीत एकत्र येतात.

आधुनिक काळात जिल्ह्याचे आध्यात्मिक केंद्र शेगाव हे होय. श्रीगजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावी प्रकटले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेल्या ‘श्रीगजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ग्रंथात, एकोणिसाव्या अध्यायात, वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामी यांच्या शेगावभेटीचा प्रसंग आहे. कर्मठ संन्यासी आणि विधिनिषेधापलीकडील अवलिया यांच्यातील जिव्हाळा पाहून शिष्य बाळाभाऊ चकित होतो. तेव्हा महाराज त्याला कर्म, भक्ती आणि योग असे तीन मार्ग समजावून सांगतात. रेचक-कुंभक, इडा-पिंगला, मुद्रा, कुंडलिनी ही योगमार्गाची परिभाषा तेथे येते. मात्र तिन्ही मार्ग बाहेरून वेगळे दिसले तरी शेवटी एकाच ठिकाणी मिळतात असे प्रतिपादन केले आहे. समाधीनंतर जवळजवळ तीन दशकांनी रचलेला हा भक्तिपर काव्यग्रंथ आहे. तेव्हा तो संवादाची शब्दशः नोंद म्हणून वाचता येणार नाही. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातील सामान्य भाविकाला प्राणायामाची परिभाषा परिचित होती आणि तिचे स्थान अनेक मार्गांपैकी एक असेच होते, याचा तो विश्वसनीय पुरावा आहे. आजही हजारो लोक या ग्रंथाचे पारायण करतात, त्यामुळे त्याचे महत्त्व अधिकच आहे.

४. एका शब्दाची उलथापालथ

प्राणाचा तिसरा अर्थ मराठीत पाश्चात्त्य रसायनशास्त्राबरोबर आला. अठराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात प्रीस्टली आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांतून ज्वलनाला आणि श्वसनाला आवश्यक असा वायू निश्चित झाला. लाव्हाझिएने या वायूला प्रारंभी ‘जीवनदायी हवा’ अशा अर्थाचे नाव वापरले होते. पुढे त्यानेच ‘आम्लजनक’ या अर्थाचा ऑक्सिजन हा शब्द घडविला. बंगाली भाषेने ‘अम्लजान’ हा शब्द स्वीकारून आम्लाची कल्पना कायम ठेवली. मराठीत मात्र प्राणवायू हा शब्द रूढ झाला. तो सोपा होता, अर्थवाही होता आणि जगण्यासाठी लागणारा वायू हा आशय त्यातून सहज व्यक्त होत होता.

तथापि या निवडीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पंचप्राणांपैकी पहिल्याचे नाव आणि एका मूलद्रव्याचे नाव एकच झाले. जुन्या ग्रंथात ‘प्राणवायू वर न्यावा’ असे वाचणाऱ्या नव्या वाचकाला तेथे ऑक्सिजन दिसू लागला. प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा आयाम, म्हणजे ऑक्सिजनची वाढ, अशी व्युत्पत्ती कोणी स्पष्टपणे मांडली नसली तरी ती मनोमन गृहीत धरली गेली. शब्दसाम्यातून तत्त्वसाम्य निर्माण झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही एक नवी मांडणी होत होती. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथील विवेकानंद आश्रमामुळे ज्यांचे नाव आपल्या जिल्ह्यात सर्वतोमुखी झाले, त्या स्वामी विवेकानंदांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजयोग’ या ग्रंथात प्राण म्हणजे विश्वातील सर्व शक्तींची समष्टी, असा व्यापक अर्थ सांगितला. प्राण म्हणजे श्वास नव्हे, श्वासाची गती ही त्या शक्तीपर्यंत पोहोचण्याची केवळ एक वाट आहे, हे त्यांनी आवर्जून स्पष्ट केले. एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राच्या ऊर्जाविचाराची छाया या मांडणीवर आहे. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्राणाची दोन आधुनिक भाषांतरे उपलब्ध होती : एक वायू आणि दुसरे ऊर्जा. यांपैकी वायूचा दावा मोजता येण्याजोगा होता आणि तो महाराष्ट्रात मोजला गेला.

५. अमळनेर ते लोणावळा

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. संस्कृतच्या व्यासंगासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, बडोद्यातील प्राध्यापक माणिकराव यांच्याकडे शरीरशिक्षण आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाची दीक्षा, अशी त्यांची तयारी होती. बुलढाण्याला लागून असलेल्या खानदेशात, अमळनेर येथे, त्यांनी अध्यापन केले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही भूषविले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झालेल्या या प्राध्यापकाने ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले.

त्यांची भूमिका त्या काळी असामान्य होती. योगाच्या ग्रंथांत जे म्हटले आहे ते श्रद्धेने मान्य करावे किंवा अंधश्रद्धा म्हणून फेकून द्यावे, या दोन्ही टोकांना त्यांनी नकार दिला. लोणावळ्याला येण्यापूर्वीच बडोद्यातील रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी क्ष-किरण चित्रे घेतली होती. नौलीत पोटाच्या सरळ स्नायूंचे आकुंचन झाले की मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवून दिले आणि गुरूंच्या स्मरणार्थ त्याला ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. बस्तीच्या क्रियेत पाणी वर का चढते याचे उत्तर त्यामुळे मिळाले. अपानाच्या आकर्षणाची जुनी भाषा आणि दाबाची नवी भाषा यांचा येथे परस्परांशी झगडा झाला नाही. एका क्रियेचे वर्णन दुसऱ्या पद्धतीने तपासले गेले.

प्राणायामाच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक नाजूक होता, कारण लोकप्रिय समजूतच पणाला लागली होती. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राणायाम’ या पुस्तकात आणि १९३३ मध्ये ‘योगमीमांसे’त आलेल्या प्राणवायूचे शोषण व कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन या विषयावरील प्रायोगिक लेखात कुवलयानंदांनी या प्रश्नाला थेट हात घातला. प्राणायामात शरीर नेहमीपेक्षा फार अधिक प्राणवायू घेते आणि त्यातच त्याची महती आहे, ही कल्पना त्यांनी स्वीकारली नाही. प्राणायामाचे मोल त्यांनी मज्जासंस्थेवरील संस्कारात, शरीरांतर्गत दाबांच्या नियमनात आणि मनाच्या स्थैर्यात शोधले. योगाचा कट्टर पुरस्कर्ता असलेल्या माणसाने, योगाच्या प्रचारासाठी सर्वांत सोयीस्कर असलेला युक्तिवाद, प्रयोगाचा आधार नाही म्हणून बाजूला ठेवला. या घटनेचे महत्त्व जितके योगाच्या इतिहासात आहे तितकेच मराठी बौद्धिक इतिहासातही आहे.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन लोणावळ्यास आले आणि त्यांनी कुवलयानंदांकडे प्रत्यक्ष अभ्यास केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःवर केलेल्या मोजणीत त्यांना उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा वापर सुमारे २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के आणि कपालभातीत १२ टक्के वाढलेला आढळला. वरवर पाहता हे आकडे प्रचलित समजुतीला बळ देणारे वाटतात. परंतु वापर वाढणे आणि साठा वाढणे यांत फरक आहे. स्नायूंचे काम वाढले की प्राणवायूचा खर्च वाढतो. जिना चढतानाही तो वाढतो. त्यामुळे या वाढीवरून शरीराला काही अतिरिक्त पुरवठा झाला, असा निष्कर्ष निघत नाही. एकाच संस्थेशी निगडित दोन संशोधकांचे भर भिन्न आले आणि दोन्ही प्रसिद्ध झाले, हेही संशोधनाच्या निकोप परंपरेचे लक्षण मानावे लागेल.

६. चमत्काराची मोजणी

चांगदेवाच्या आख्यायिकेत जो दावा आहे त्याची लहान रूपे विसाव्या शतकातही प्रचलित होती. स्वतःला बंद खड्ड्यात पुरून घेणारे आणि हृदय थांबवून दाखविणारे योगी लोकांच्या कुतूहलाचा विषय होते. १९३५ मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी भारतात येऊन अशा योग्यांची हृदयालेखाच्या साहाय्याने तपासणी केली. १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, श्वास रोखून छातीतील दाब वाढविल्यावर नाडी हाताला लागेनाशी होते, परंतु हृदयाचे विद्युत्‌स्पंदन चालूच राहते. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेवसिंग यांनी हवाबंद पेटीत राहिलेल्या रामानंद योगी यांच्यावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्या प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या किमान पातळीच्याही खाली गेला होता. कैवल्यधामातील करंबेळकर, विणेकर आणि भोळे यांनीही हवाबंद खड्ड्यातील वास्तव्याचा अभ्यास करून तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला.

या संशोधनांचा एकत्रित अर्थ लक्षणीय आहे. हृदय थांबविण्याचा दावा तपासणीत टिकला नाही. मात्र शरीराची गरज कमी करण्याचे सामर्थ्य काही अंशी खरे ठरले. आणि ते सामर्थ्य प्राणवायू अधिक घेण्याचे नसून कमी लागण्याचे होते! पतंजलीची गतिविच्छेदाची व्याख्या आणि हठयोगातील कुंभकाचे प्राधान्य यांच्याशी हे निरीक्षण अधिक जुळते.

शरीरक्रियाशास्त्राचे मूलभूत ज्ञानही याच दिशेने जाते. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासात तो सुमारे १६ टक्के उरतो. निरोगी व्यक्तीच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वसनातही ९५ ते १०० टक्के संपृक्त असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे तशी जोरकस श्वसनाची स्थिती होते. वेगाने श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि भोवळ येऊ शकते. हठप्रदीपिकेतील इशाऱ्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. संथ श्वसनाचे परिणाम वेगळ्या मार्गाने होतात. २००१ मध्ये बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात, जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वसनाचा वेग मिनिटाला सुमारे सहापर्यंत येतो आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षिप्त यंत्रणेची संवेदनक्षमता वाढते, असे आढळले. त्र्यंबकावरील जप असो की रोममधील, शरीर सारखाच प्रतिसाद देते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

वऱ्हाडात आणि विदर्भात शरीरशिक्षण व योग यांची स्वतंत्र परंपरा आहे. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि योगमूर्ती जनार्दनस्वामी (१८९२–१९७८) यांच्या प्रेरणेने नागपुरात उभे राहिलेले योगाभ्यासी मंडळ यांनी योगाभ्यास सामान्य माणसापर्यंत नेला. या परंपरेचे वारसदार म्हणून प्राध्यापकांवर शब्दांची जबाबदारी येते.

ही जबाबदारी किती गंभीर आहे हे एप्रिल-मे २०२१ मध्ये दिसून आले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘प्राणवायू’ हा शब्द रोजच्या वृत्तपत्रांचा मथळा झाला होता. रुग्णालयांत त्याचा तुटवडा होता आणि बोटाला लावायचे मापक घरोघरी आले होते. त्याच वेळी विशिष्ट प्राणायामाने रक्तातील प्राणवायू वाढतो, असे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरत होते. फुप्फुसांनाच सूज आलेली असताना श्वसनाच्या व्यायामाने रुग्णालयाची गरज टळेल, असे मानणे प्राणावर बेतणारे होते. पालथे झोपून श्वसन करण्याचा शासकीय सल्ला वेगळा होता. त्याला फुप्फुसांतील हवा व रक्तप्रवाह यांच्या जुळणीचा आधार होता आणि तो उपचाराला पर्याय म्हणून दिलेला नव्हता. एका शब्दाच्या दोन अर्थांतील गोंधळ माणसाच्या जिवाशी येऊन ठेपतो, तेव्हा परिभाषेचा इतिहास हा केवळ पंडितांचा विषय उरत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्राण या शब्दाचे जीवनतत्त्व, श्वास आणि प्राणवायू हे तीन अर्थ अनुक्रमे वैदिक-औपनिषदिक, योगशास्त्रीय आणि आधुनिक रासायनिक अशा वेगवेगळ्या संदर्भांत घडले. त्यांची सरमिसळ इतिहासाला धरून नाही.

२) पंचप्राणांची कल्पना पदार्थांची नसून कार्यांची आहे. तिचे ऑक्सिजनशी समीकरण मांडल्याने विज्ञानाचा लाभ होत नाही आणि परंपरेचा संकोच होतो.

३) चांगदेव, ज्ञानेश्वर, चक्रधर आणि शेगावची परंपरा यांनी योगसामर्थ्याला साध्य न मानता त्याची मर्यादा ओळखली. प्राणायामाची चिकित्सा करणे हे परंपरेविरुद्ध बंड नसून परंपरेचाच एक भाग आहे.

४) ‘अधिक प्राणवायू’ हे स्पष्टीकरण स्वामी कुवलयानंदांनी जवळजवळ शतकापूर्वीच बाजूला ठेवले होते. मराठी भाषकांच्या पुढाकाराने झालेले हे संशोधन मराठी पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत अद्याप पुरेसे पोहोचलेले नाही.

५) संथ श्वसनाचे रक्तदाबनियमनावर होणारे परिणाम अभ्यासनीय आहेत. प्राणायामाचे समर्थन करावयाचे असल्यास ते अशा तपासलेल्या आधारावर करावे आणि जोरकस प्रकारांच्या धोक्यांची जाणीव विद्यार्थ्यांना आवर्जून द्यावी.

प्राणाचा व्यापक अर्थ मोजमापात मावणारा नाही आणि तसा दावा कुवलयानंदांनीही केला नाही. जे मोजता येते ते प्रामाणिकपणे मोजावे आणि जे मोजता येत नाही त्याला मोजमापाचा आव आणून सजवू नये, हा विवेक त्यांच्या कार्यात दिसतो. २१ जूनला मैदानावर बसलेल्या विद्यार्थ्याला हात गुडघ्यावर ठेवून श्वास संथ करावयास सांगताना त्याचे कारणही तितक्याच विवेकाने सांगितले गेले, तर पूर्णेच्या संगमावर सुरू झालेली आणि लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत पुढे गेलेली ही चिकित्सेची परंपरा आपल्या वर्गातही चालू राहील.